मिस्त्रींचा चुना कच्चा नव्हता

जळगावच्या पिंप्राळ्याहून शबानाचा फोन आला तेव्हा मी टायपिंगच्या वर्गातली यंत्रं पुसत होते. "बाई, अब्बा गेले. पहाटे फजरच्या नमाजानंतर बसले ते उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. तिचे अब्बा म्हणजे युसूफ मिस्त्री. धुळ्यातले चुन्याचं काम जाणणारे शेवटचे गवंडी, असं त्यांना सगळेच म्हणत. थंडी सोसत नाही म्हणून लेकीकडे जळगावला गेले होते. पावसाळ्याआधी येतो म्हणाले होते. तो फोन येऊन आता दीड महिना झाला. रडून झालं, जळगावला जाऊन भेटून झालं, पण एक गोष्ट मनातून जात नाही. ती सांगायलाच हे लिहिते आहे.

आमची इमारत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आग्रा रोडवरून बाजारात शिरलं की डाव्या हाताला काळ्या दगडाची, पुढे कमानींची ओळ असलेली. इंग्रजांच्या काळात कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी बांधली. खाली गाळे, वर कचेऱ्या. विलायतेहून बोटीने आलेले ओतीव बिडाचे खांब, त्यांच्या डोक्यावर पानाफुलांची नक्षी, सागवानी जिना, छपराच्या कडेला लाकडी झालर. उन्हाळ्यात बाहेर रस्ता भाजत असतो आणि माझ्या खोलीत पंखा न लावता बसता येतं. वरच्या मजल्यावरच्या या खोलीत मी अडतीस वर्षं वर्ग चालवते आहे. आधी टायपिंग, आता संगणकही. इमारत वारशाच्या यादीत गेली तेव्हा आम्ही भाडेकरूंनी पेढे वाटले होते. मग कळलं, की यादीत जाणं म्हणजे सासुरवास. खिळा ठोकायचा तरी परवानगी. परवानगीशिवाय बांधकामाला हात लावला, तर भाडेपट्टा रद्द.

युसूफ मिस्त्री आले ते गॅलरीच्या कमानीसाठी. कमानीच्या माथ्यावर, कळीच्या दगडाजवळ एक भेग होती. कोणीतरी तक्रार केली, तेव्हा इमारत धोकादायक ठरवून रिकामी करायची भाषा सुरू झाली. आम्ही सगळे हवालदिल. मिस्त्री शिडीवर चढले, लाकडी दांडक्याने एकेक दगड ठोकून कान लावून ऐकत बसले. तासाभराने खाली उतरले आणि म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, बाई, सगळं ठीक आहे. ही भेग तुमच्या-माझ्याहून म्हातारी आहे." मी म्हटलं, मग तसं लिहून द्या आणि मोकळे व्हा. मला मेलीला प्रत्येक गोष्टीची घाई. त्यावर ते हसले. माझ्या सांगण्याला कोण विचारतो, म्हणाले, कमानीलाच बोलू द्या. त्यांनी वारशाच्या कचेरीला कळवून भेगेवर आडव्या, बोटभर रुंदीच्या काचेच्या तीन पट्ट्या चुन्याने चिकटवल्या. भेग वाढत असेल तर काच तडकेल, नाही तडकली तर भेग मेलेली. पण त्यासाठी वर्ष जायला हवं, एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा.

तेवढ्यासाठी लागणारा मूठभर चुनासुद्धा त्यांनी महिनाभर भिजवून ठेवला होता. रोज येऊन पाणी बघायचे, काठीने ढवळायचे, बोटांत धरून चोळायचे. गूळ, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी... मी चिडवायचे, की चाचा, एवढे लाड तर जावयाचेही कोणी करत नाही. ते म्हणायचे, जावई बिघडला तर लेक माहेरी येते, चुना बिघडला तर अख्खं घर खाली येतं. पन्नास वर्षांत त्यांच्या हातचा चुना कधी सुटला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवत नसत. जाताना मला एवढंच बजावून गेले, की पट्ट्यांना हात लावू नका.

दहा महिने झाले आणि निरोप आला, की त्या कचेरीतले साहेब पाहणीला येणार. आता आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. खालच्या गाळेवाल्यांनी पाट्या धुतल्या, जिना पुसला. मी गॅलरी झाडायला घेतली. वर पाहिलं तर त्या तीन पट्ट्या. जखमेवर चिकटवल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं, साहेबांना आधी हेच दिसणार आणि ते म्हणणार, इमारतीला मलमपट्टी चालू आहे. बघायचं ते बघून झालंय, काचा तर धड आहेत... स्टुलावर चढले आणि खुरप्याने खरवडून काढल्या. निघता निघेनात इतक्या घट्ट बसल्या होत्या. माझ्या वर्गात एक अक्षर चुकलं तरी खोडू देत नाही, अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावते. अशी मी बाई, आणि दहा महिन्यांचा पुरावा दहा मिनिटांत पुसून बसले.

साहेब आले, सोबत मिस्त्रीही होते. साहेबांनी वर पाहिलं आणि विचारलं, पट्ट्या कुठे आहेत? गॅलरीची किल्ली एकट्या माझ्याकडे. मिस्त्रींनी दगडावरचे ताजे ओरखडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं. भाडेपट्टा, खोली, मुलींचे वर्ग, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, "पडल्या साहेब. माझा चुना कच्चा राहिला."

साहेबांनी ते तसंच कागदावर लिहून घेतलं. एक वर्षाची मुदत वाढवून दिली, आणि मिस्त्रींच्या कामावर विसंबू नये असा शेराही मारला. गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? जुन्या सरकारी इमारतीचं एक काम त्यांच्या हातात आलेलं होतं, ते दुसऱ्याला गेलं. मी चहा घेऊन गेले, माफी मागायची म्हणून, आणि बावळटासारखी साखर किती विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी ते नव्या पट्ट्या घेऊन आले. लावून झाल्यावर हात पुसत म्हणाले, "बाई, या वेळी राहू द्या." बस, एवढंच. त्या विषयावर पुन्हा कधी एक शब्द नाही.

मिस्त्री गेल्यावर पंधरा दिवसांनी वर्ष पुरं झालं. नवे साहेब आले. काचा जशाच्या तशा. इमारत सुरक्षित असल्याचं त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं आणि खाली पुन्हा पेढे वाटले गेले. मी मात्र माझा पेढा तसाच ठेवला. वारशाच्या कचेरीत गेले, पहिल्या पट्ट्या मीच काढल्याचं लिहून दिलं आणि मिस्त्रींवरचा शेरा खोडावा असा अर्ज केला. तिथले कारकून चांगले होते बिचारे. म्हणाले, बाई, माणूसच राहिला नाही, आता कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? मी म्हटलं, "माणूस होता तेव्हा गप्प बसले. तेच फार झालं."

गेल्या आठवड्यात दोन कागद एकदमच आले. एकात मिस्त्रींवरचा शेरा रद्द केल्याचं कळवलं होतं. तो मी त्याच दिवशी बसने जळगावला जाऊन शबानाच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला आणि अब्बांच्या टोपीशेजारी ठेवला. दुसरा कागद म्हणजे मला नोटीस, भाडेपट्टा का रद्द करू नये याचा खुलासा करा अशी. खुलासा काय करायचा? केलं ते केलं. गॅलरीत उभी राहून वर पाहिलं, तर तिन्ही काचांच्या कडेला ओल्या चुन्यावर मिस्त्रींच्या अंगठ्याचा ठसा उमटून तसाच वाळलेला आहे. खोली राहील की जाईल, मला माहीत नाही. गॅलरीची किल्ली मी जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली आहे. मागितली तर देऊन टाकीन.