मोड बंतु

मटकीचं फडकं सोडलं की येणाऱ्या ओलसर वासासरशी मला कानडी मुलखातलं, अलसूरचं पहिलं बिऱ्हाड आठवतं. लग्न होऊन मी नुकतीच साताऱ्याहून आले होते. यजमान विमानतळावर हवामानाच्या कामावर होते. अंधार पडला की ते ढगांवर उजेडाचा झोत टाकत आणि लांब उभं राहून, ढगावर उमटलेल्या ठिपक्याचा कोन मोजून ढगांची उंची सांगत. ढग फार खाली असले तर विमान न उतरताच परत जाई. एका संध्याकाळी शेजारच्या अक्का धावत आल्या. त्यांचा आजारी मुलगा मद्रासहून विमानानं येत होता. "मोड बंतु! तुंबा केळगे!" कानडीत मोड म्हणजे ढग, ते फार खाली आलेत असं त्या सांगतायत, हे मला कुठे कळायला? "आलेत की छान मोड," म्हणत मी वाटीभर मटकी त्यांच्या हातात दिली. त्या मला ओढत गच्चीवर घेऊन गेल्या. ढगांच्या पोटावर यजमानांचा ठिपका थरथरत होता. अक्कांनी त्यालाच हात जोडले, वाटीसकट. ढग उंचावले तसा ठिपका हळूहळू वर सरकत फिकट झाला आणि कितीतरी वेळानं उतरणाऱ्या विमानाची घरघर ऐकू आली. अक्का रडत रडत कच्ची मटकी खात सुटल्या. आता अक्का नाहीत, यजमानही नाहीत. मटकीला मोड आले की मी मात्र अजून आधी आभाळ बघते.