चिठ्ठीतली वेलांटी

डॉक्टरांनी दातांचा दवाखाना बंद केला आणि त्याच जागेत टेबलं मांडून ती एकेकट्यानं काम करणाऱ्यांना महिन्याच्या बोलीनं द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिलं टेबल घेतलं ते वेलांटीबाईंनी. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं त्या प्रकाशकांची प्रुफं तपासत होत्या. कोणी 'की'ची वेलांटी चुकवली की त्यांच्या कपाळाला आठी पडे, म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते आवडायचंही.

चारचौघांच्या त्या जागेत काय असावं नि काय नसावं, हे सुरुवातीला त्याच ठरवत. खुर्च्यांच्या पायांना लोकरीच्या टोप्या घालायला लावल्या त्यांनी. दारावरची घंटा काढून तिथं दिवा लावून घेतला त्यांनी. शिट्टी मारणारी किटली परत पाठवून बिनशिट्टीची आणवली तीही त्यांनीच. कोणी काही मागितलं की डॉक्टर म्हणत, "वेलांटीबाईंना विचारा." हे दोन शब्द कानावर पडावेत म्हणून त्या रोज सगळ्यांच्या आधी येत, असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग धाकटी जाऊ आली.

लोकांच्या सहली आखून द्यायचा तिचा धंदा. घरात मुलीची परीक्षा, फोनवर मोठ्यानं बोलायची चोरी. "ताई, तुमच्या तिथं एखादं टेबल रिकामं आहे का हो?" तिनं विचारलं, आणि नाही म्हणायला वेलांटीबाईंना वेळेवर कारण सुचलं नाही. पंधरा दिवसांत अख्खी जागा तिच्या खिशात. कोणाची आई आजारी, कोणाला पंखा सोसत नाही, कोणाचा वाढदिवस कधी, सगळं हिला तोंडपाठ. घरांचे नकाशे काढणारा एक घुमा माणूस होता. दोन वर्षांत वेलांटीबाईंशी तो 'नमस्कार' आणि 'खिडकी लावू?' एवढंच बोलला होता. तो जाऊपाशी बसून आपल्या घटस्फोटाची कथा सांगत होता! वर सगळे तिला 'वहिनी' म्हणायला लागले. आता थोरली कोण? वहिनी कोणाला म्हणायला हवं होतं?

सासरीही हेच झालं होतं. सासूबाई धाकटीला शेजारी बसवून घेत आणि भांड्यांची टोपली थोरलीकडे सरकवत. ते वेलांटीबाईंनी गिळलं, कारण घराबाहेर त्यांचं असं एक टेबल होतं. आता तिथंही ही.

मागची खोली, जिथं पूर्वी दातांचे साचे बनत, ती डॉक्टरांनी मोकळी केली. म्हणाले, "तिथं काय हवं ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. नाव नको. शुक्रवारी वाचू, जास्त जणांना हवं ते करू." या वेळी 'वेलांटीबाईंना विचारा' नाही. नऊ माणसं, नऊ चिठ्ठ्या.

वेलांटीबाईंना हवी होती शांत खोली. फोन नाही, गप्पा नाहीत. हा हट्ट नव्हता. गेल्या महिन्यात जाऊ फोनवर कुणाला तरी बर्फ किती पडेल ते समजावत होती, आणि त्या गोंगाटात वेलांटीबाईंच्या नजरेतून खुद्द लेखकाचंच आडनाव चुकीचं निसटलं. प्रकाशकानं विचारलं, "बाई, डोळे दमले का आता?" असं आणखी एकदा झालं असतं, तर काम गेलं असतं.

जाऊला हवं होतं लांब टेबल. सगळ्यांनी मिळून जेवायला.

गुरुवारी दुपारी सगळे डबे घेऊन गच्चीवर गेले. टूम अर्थात जाऊचीच. वेलांटीबाई खाली राहिल्या आणि त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा उघडला. जाऊचं अक्षर ओळखायला त्यांना चष्मा लागत नव्हता. चिठ्ठी काढायची, फाडायची, एक मत कमी. पण फाडायच्या आधी त्यांनी ती वाचली.

'मधे लांब टेबल पाहीजे. सगळे एकत्र जेवतील आणी बोलतील. ताई रोज भींतीकडे तोंड करून एकट्या जेवतात, ते बघवत नाही.'

कीव! हिनं माझी कीव करावी! वेलांटीबाईंची कानशिलं तापली. आणि त्या संतापात त्यांचा हात गेला कुठं, तर कानामागच्या लाल पेनाकडे. 'पाहिजे' ऱ्हस्व. 'आणि' ऱ्हस्व. 'भिंत' ऱ्हस्वच, इतकं साधं कळू नये? समासात तिन्ही खुणा झाल्या. आता, तपासलेलं प्रूफ कोणी फाडतं का? ते परत पाठवायचं असतं. तीस वर्षांच्या सवयीनं हातानं चिठ्ठीची घडी घातली आणि डब्यात टाकली. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा कुठं त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. डबा पुन्हा उघडायला वेळ नव्हता.

शुक्रवारी डॉक्टर चिठ्ठ्या वाचायला बसले. पाचवी उघडली आणि थांबले. "ही तपासून आलेली दिसते," म्हणाले.

लाल शाई त्या जागेत एकाच माणसाकडे होती. नकाशेवाला, ज्याला एरवी शब्द महाग, तो नेमका बोलला. "म्हणजे डबा कोणीतरी उघडला."

वेलांटीबाईंची मान खाली गेली.

"उघडायचाय कशाला?" जाऊ हसत म्हणाली. "टाकायच्या आधी मीच दाखवली ताईंना. माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीत नाही! स्वतःच्या लग्नपत्रिकेत मी स्वतःचं नाव चुकवलं होतं. हो की नाही हो ताई?"

सगळे खो खो हसले. वेलांटीबाईंना "हो" म्हणावं लागलं. आयुष्यात इतका कडू शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. लांब टेबल सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालं.

सगळे आपापल्या टेबलांकडे पांगल्यावर जाऊनं त्यांना किटलीपाशी गाठलं. "ताई, फाडून का नाही टाकलीत हो?"

"तू खोटं का बोललीस?"

"मग काय तुम्हाला सगळ्यांत उघडं पाडू? आणि ऐका, जेवणं आटपली की माझे फोन मी आत दार लावून करीन. इथं तुम्हाला शांत."

शांतता मिळाली, तीही हिच्या हातून! भांडली असती, टोमणा मारला असता, तर वेलांटीबाईंना सुखानं राग तरी धरता आला असता. ही बया तेवढीही सोय ठेवत नव्हती.

"लग्नपत्रिका मी तपासली होती," त्या फणकारल्या. "तुझ्या नावात काडीची चूक नव्हती. खोटंच बोलायचं होतं तर माझ्या कामावर कशाला घसरलीस?"

जाऊ पोट धरून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बोलणं वेलांटीबाईंचं, आणि टेबलांवरून उठून सगळे धावले ते जाऊकडे. "काय झालं वहिनी? आम्हालाही सांगा की!"