धुतलेले नमुने

गिंडीच्या आमच्या लॅबमध्ये, इमारतीचा पाया घालण्याआधी, साइटवरून जमिनीखालच्या ठिसूळ खडकाचे नमुने येतात. त्यात चिकणमाती किती आहे, ती पाणी पिऊन फुगणारी आहे का, हे बघून मी त्या खडकाला नाव द्यायचं. पण साइटवाले नमुने नळाखाली स्वच्छ धुऊन पाठवतात!

"अहो, चिकणमातीच धुऊन टाकलीत की!" मी मोडक्या तमिळमध्ये फोनवर ओरडते.

"मॅडम, तुमच्याकडे घाण कशी पाठवायची?" वर हे मलाच ऐकवतात.

उरलेल्या वाळूचं मी कसलं डोंबलाचं वर्गीकरण करू?

परवा पुन्हा तसलीच चकचकीत पिशवी आली. वैतागून वेलचेरीला घरी आले, तर पावसाने दार चौकटीत घट्ट बसलेलं आणि वर भिंतीला तिरकी चीर.

आमच्या इमारतीखालचा नमुनाही कुणीतरी असाच स्वच्छ धुतला असणार.