उपासाचं मीठ

कांचन पेंढरकर एडिसनमध्ये आमच्या मागच्याच गल्लीत राहते. अमेरिकेत येऊन तिला दहा-बारा वर्षं झाली, पण गाडी काही ती शिकली नाही. एकदा मी तिला शिकवायला बसले, तर म्हणाली, "वसुधा, डावीकडे वळताना समोरचा आपल्यासाठी थांबतो ना, त्याला किती वाईट वाटत असेल गं!" यावर काय बोलणार? तेव्हापासून तिची ड्रायव्हर मीच. त्या बदल्यात आमच्या ब्लाउजांची शिलाई तिच्याकडे असते. मापं न घेता शिवते आणि अंगाला नीट बसतात.

जगातल्या सगळ्या गोष्टींचे कांचनकडे दोनच कप्पे आहेत, चालतं आणि चालत नाही. उपासाला जिरं चालतं, मोहरी चालत नाही. बटाटा सातासमुद्रापलीकडून आलेला, तरी चालतो. हळद आपल्याच घरची, तिने काय पाप केलंय कोण जाणे, ती चालत नाही. मी एकदा कारण विचारलं, तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिला तिचं नाव विचारलं होतं.

तिचे यजमान चारुदत्तराव पंपांचे इंजिनिअर. गावोगावच्या पाणीपुरवठ्याची ड्रॉइंग्ज करायचे. शांत माणूस, दहा वाक्यांना एक वाक्य परत देणारा. मूलबाळ नाही. दोघांना एकमेकांशिवाय या देशात कोणी नाही. शहाऐंशी सालच्या थंडीत त्यांना ताप आला, ताप गेला आणि जाताना हृदय ढिलं करून गेला. जिना चढले की धाप लागे, पाय सुजत, आडवं झालं की छातीत पाणी भरल्यासारखं होई. गोळ्यांवर गोळ्या सुरू झाल्या. त्यातल्या एका नवीन निघालेल्या गोळीने तोंडाची चवच गेली. कांचनने काहीही केलं तरी त्यांना पत्र्याचा तुकडा चघळल्यासारखं लागे. शेवटी न्यूयॉर्कच्या डॉक्टर लेव्हिननी सांगितलं की आता हृदयच बदलावं लागेल, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे.

इथून पुढे आमचा जो गोंधळ सुरू झाला तो सांगता सोय नाही. हृदय बदलायचं आहे ना? मग तपासणी फुप्फुसांची! मला तर गॅरेजवाल्यांचा संशय येतो तसा डॉक्टरांचा यायला लागला. मी फणकाऱ्याने विचारलंच. लेव्हिन भला माणूस, खुर्ची ओढून समजावायला बसला. हृदय पुरेसं पंप करत नाही, म्हणून रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. बरेच महिने तुंबलं की तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतात. जुन्या हृदयाला त्यातून जोर लावून रक्त ढकलायची हळूहळू सवय झालेली असते. नवं हृदय निरोगी माणसाचं, त्याला ती सवय नाही, ते पहिल्याच दिवशी थकून बंद पडू शकतं. म्हणून आधी रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यायचं. फुप्फुसातला दाब उतरला, तर नव्या हृदयासाठी यादीत नाव लागणार. नाही उतरला, तर नाही.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. कांचनच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा चारुदत्तराव म्हणाले, "चोंदलेल्या लाइनवर नवा पंप बसवला की पंप जळतो. आधी लाइन बघतायत."

"पण औषध तर हाताच्या शिरेतून देणार," कांचन म्हणाली. "मग तू फुप्फुसातच जा, असं त्याला कोण सांगणार?"

मी हसत हसत हा प्रश्न लेव्हिनला सांगितला. तो हसला नाही. म्हणाला, हीच तर अडचण आहे. औषध सगळीकडेच जातं. फुप्फुसातल्या वाहिन्या सैल करता करता सगळ्या शरीराचं ब्लड प्रेशर खाली आणतं. मला वाटत होतं कांचनला काही कळत नाही, पण नेमका प्रश्न तिनेच विचारला होता.

पहिल्या टेस्टच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. मानेतून एक बारीक नळी घालून हृदयातून पार फुप्फुसाच्या रक्तवाहिनीपर्यंत नेली होती, आणि हातातून औषध चालू होतं. बऱ्याच वेळाने लेव्हिन बाहेर आला. फुप्फुसातला दाब जेमतेम हलला आणि अंगातलं ब्लड प्रेशर मात्र इतकं कोसळलं, की टेस्ट थांबवावी लागली.

"म्हणजे नाही?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. वाहिन्या कायमच्या कडक झाल्या असतील, किंवा अंगात पाणी फार आहे म्हणून दाब चढलेला असेल. पण इतकं पाणी यायला नको. गोळ्या भरपूर आहेत. मीठ खातात का?"

याचं उत्तर कांचनने स्वतः इंग्रजीत दिलं. ताठ उभी राहून. "नो सॉल्ट, डॉक्टर. सिक्स मंथ्स नो सॉल्ट."

तो गोंधळून परत गेला. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या खुर्च्यांवर बसलो. कांचनने डोळे पुसत डबा उघडला, पोळी आणि बटाट्याची भाजी. रडतानासुद्धा ही बाई दुसऱ्याला वाढायचं विसरत नाही. मी घास घेतला. भाजी झकास होती.

"कांचन, हे माझ्यासाठी वेगळं केलंस?"

"नाही गं. ह्यांचंच आहे."

"मग यात मीठ कसं?"

"मीठ कुठंय? सैंधव आहे. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं, त्याच दिवशी मी साधं मीठ फेकलं. आमच्या माहेरी उपासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे ते मीठ नव्हेच ना! ह्यांना चव लागत नाही बिचाऱ्यांना, म्हणून आताशा जरा सढळ हाताने घालते."

मी ओरडले. हॉस्पिटल आहे, लोक बघतायत, कशाचं भान राहिलं नाही. "अगं बाई, मीठच आहे ते! खडकातून काढलं म्हणून काय झालं? सहा महिने तू त्यांना मीठ खायला घालतेयस!"

कांचनने पर्समधून छोटी डबी काढली. सैंधव ती बरोबर घेऊनच फिरते. डबीतल्या खड्याकडे ती बघत राहिली, मग उठून सरळ लेव्हिनच्या दारात गेली आणि डबी त्याच्यापुढे धरली. त्याने एक खडा जिभेवर ठेवला.

"सॉल्ट," तो म्हणाला.

तो रागावला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला, आणि मी पुन्हा बुचकळ्यात पडले. याला आनंद कसला झाला? तो म्हणाला की पाणी मिठामुळे साचलेलं असेल, तर ते काढता येईल. मग वाहिन्या कडक आहेत की नुसत्या तुंबल्यात ते नीट कळेल. चारुदत्तरावांना तिथेच ठेवून घेतलं. अळणी जेवण, शिरेतून पाणी उतरवायचं औषध, आणि मग पुन्हा टेस्ट.

त्या दिवसांत कांचन नवऱ्याशी बोललीच नाही. रोज माझ्याबरोबर यायची, उशी सरळ करायची, खिडकीकडे तोंड करून बसायची. मला वाटलं, शरमेने बोलत नसेल. दुसऱ्या टेस्टच्या आदल्या दिवशी ती एकदम वळली.

"अहो, तुम्ही इंजिनिअर आहात. सैंधव म्हणजे मीठ, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

चारुदत्तरावांनी चादरीची कड चाचपली. "माहीत होतं."

"मग?"

"सगळं डॉक्टरांच्या हातात गेलं होतं. तुझ्या हातात एवढा स्वयंपाकच उरला होता. इतक्या मनापासून करायचीस. त्यात मीठ आहे असं म्हणालो असतो, तर तुझ्याकडे काय राहिलं असतं? म्हणून तुझ्यासाठी खाल्लं."

किती प्रेमळ माणूस, असं मनात येतंय तोवर कांचन उभी राहिली होती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"माझ्यासाठी खाल्लंत? माझं मन राखायला? आणि उद्या तुम्ही गेलात म्हणजे मला कोण राखणार? माझ्यासाठी जगायचं कोणी मग?"

मी खोलीबाहेर निघून गेले. खरं सांगते, दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नळी, तेच औषध. कांचन डोळे मिटून बसली होती. जप करतेय का, विचारलं, तर म्हणाली, "नाही. काय चालतं आणि काय नाही, काही सुधरत नाहीये."

लेव्हिन आला आणि भराभर बोलायला लागला. फुप्फुसातला दाब चांगला उतरला. अंगातलं प्रेशर टिकून राहिलं. वाहिन्या कडक नाहीत, औषधाचं ऐकतायत. नवीन हृदयासाठी आजच नाव लागेल.

"चांगलं आहे ना?" कांचनने मला विचारलं.

"चांगलं आहे."

"नक्की? उतरला म्हणजे चांगलंच ना?"

"अगं हो! उतरला म्हणजेच चांगलं." मी तिला गदागदा हलवलं, तेव्हा कुठे ती रडायला लागली.

संध्याकाळी आम्ही खोलीत गेलो तेव्हा चारुदत्तरावांच्या पुढ्यात हॉस्पिटलचा ट्रे होता. उकडलेला बटाटा, उकडलेल्या शेंगा, सगळं अळणी. त्यांनी एक घास तोंडात घेतला आणि लहान मुलासारखं तोंड केलं. कांचन त्यांच्या पलंगाला खुर्ची चिकटवून बसली. काटा उचलून त्यांच्या हातात दिला.

"एवढं संपवायचं," ती म्हणाली. "हे खाताय ना, हे माझ्यासाठी."

बटाटा त्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला.