कमानीखालचा दोर

मधाचा वास आला की ती केस मला आजही आठवते.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी मूळचा तंजावूरचा, घरची बोली मराठी, शिक्षण आठवीपर्यंत. वडील गेले आणि शाळा सुटली. एका दयाळू इन्स्पेक्टरांनी नुसती माझी उंची पाहून मला पोलिसात घेतले. त्यांचे उपकार देवाला दिवा लावताना आजही आठवतो. पुढे हेड कॉन्स्टेबल झालो आणि घरापासून दूर, डोंगरातल्या चौकीवर बदली झाली. आमचा मुलूख सगळा सपाट. शेताच्या बांधापेक्षा उंच जागी उभे राहायची सवय नाही. पहिले काही आठवडे मी कड्याकडे पाठ करूनच चालत असे.

तिथल्या जंगलात खूप आत एक दगडी कमान आहे. माणसाने बांधलेली नव्हे, आपोआप झालेली. दोन कड्यांना जोडणारी, वर बैलगाडी जाईल एवढी रुंद आणि खाली दरी. कमानीच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असत. त्या मधाचा लिलाव होऊन तो एका कंत्राटदाराला मिळाला होता. त्याची माणसे पोहोचायच्या आधीच कोणीतरी काही पोळी कापून नेली, अशी त्याने फिर्याद दिली.

खबर मिळाली ती माझ्याच गावातून. तंजावूरच्या बाजारात एक डोंगरी तरुण मधाचे डबे विकत होता. दुकानदाराला संशय आला, त्याने ठाण्यात कळवले. तरुण, डबे आणि त्याने घेतलेली एक लाल साडी, असा सगळा मुद्देमाल बसने आमच्याकडे आला.

मी चौकशी सुरू केली.

"चोरी केलीस?"

"केली, एट्टय्या." हेड कॉन्स्टेबलला तिकडे एट्टय्या म्हणतात.

"बरोबर कोण होते?"

"कोणी नाही. मी एकटाच."

इतक्या झटपट कबुली देणारा माणूस सहसा कोणाला तरी पाठीशी घालत असतो. मी पुन्हा पुन्हा विचारले. तो फक्त हसायचा.

दुपारी एक मुलगी त्याच्यासाठी नाचणीचा गोळा घेऊन आली.

"ही कोण?"

"कोणी नाही," दोघेही एकदम म्हणाले.

आमच्या कॉन्स्टेबलला सगळी माहिती होती. मुलीचा बाप कंत्राटदाराचा मुकादम. या पोराला तो मुलगी द्यायला तयार नव्हता. साडी तिच्यासाठीच होती. पोरगा तुरुंगात गेला असता तर बाप तिचे लग्न दुसरीकडे लावून मोकळा झाला असता.

दुसऱ्या दिवशी आरोपीला घेऊन आम्ही महजर करायला, म्हणजे जागेचा पंचनामा करायला, कमानीवर गेलो. कंत्राटदार आणि मुकादम आधीच हजर होते. उरलेली पोळी कापायचे काम चालू होते. धुरात एक माणूस दोराला लटकला होता आणि वर दुसरा माणूस तो दोर धरून बसला होता. माश्यांच्या भीतीने मी शर्टाची सगळी बटणे लावून लांब उभा राहिलो.

खालून आवाज आला, "मच्चान, बहिणीशी भांडून तर नाही ना आलास?"

"भांडलोय. पण ती विधवा झाली तर माझ्याच घरी येऊन बसेल. उतर निवांत."

सगळे हसले. मी विचारले तेव्हा कळले, की मच्चान म्हणजे मेहुणा. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने, दुसऱ्या कोणी नाही. बहिणीचा संसार ज्याच्या हातात, तो हात सोडत नाही.

मी आरोपीकडे वळलो. "तुझे लग्न झालेले नाही. मग दोर कोणी धरला?"

"झाडाला बांधला."

धूर करणारे लोक पोट धरून हसले. कमानीवर गवताशिवाय काही उगवत नव्हते.

आता मात्र पोराचे हसू गेले. तेवढ्यात मुकादमाचा मुलगा, म्हणजे त्या मुलीचा भाऊ, पुढे आला. "एट्टय्या, मी धरला."

मुकादम जागच्या जागी बसला. "मला न विचारता?"

"विचारले असते तर धरू दिला असतात, अप्पा?"

"तसल्या दोराने नाते लागत नाही," मुकादम ओरडला.

वर दोर धरून बसलेला माणूस शांतपणे म्हणाला, "मुकादम, तसे म्हणू नका. खाली माझ्या बहिणीचा नवरा लटकलाय. धरलेल्या दोराने नाते लागत नसेल, तर मी तरी कशाला धरू?"

"धर रे बाबा," खालून आवाज आला.

मुकादमाने कडेला जाऊन दरीत डोकावले. मग मुलाला म्हणाला, "नीट धरला होतास ना?"

कंत्राटदाराच्याही ध्यानात आले, की एकाऐवजी दोन आरोपी झाले तर हंगामात पोळी कापायला माणसे उरणार नाहीत. मध परत मिळाला, जंगल खात्याने किरकोळ दंड घेऊन तडजोड मान्य केली आणि त्या दोघांनी उरलेली पोळी कंत्राटदारालाच कापून दिली. साडी मी पावती घेऊन आरोपीला परत केली. लग्नात ती पुन्हा पाहिली.

त्यानंतर नोकरीत कोणी "मी एकटाच होतो" म्हणाला की मी मनात विचारायचो, दोर कोणी धरला? बहुतेक वेळा कोणीतरी धरलेला असायचाच. माझा त्या इन्स्पेक्टरांनी धरला होता.

पुढे माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही कावेरीकाठच्या एका गावी गेलो. मुलीने कॉफी आणली. आई मला कोपराने ढोसत होती, की अरे, वर बघ. मी तिच्या भावाची मनगटे पाहत होतो. चांगली जाड होती. मी होकार दिला.