वसुधाताईंनी मागितलेले उंदीर

वसुधाताई उतेकरांना मी प्रथम पाहिले ते भर दुपारी, अंधारात. मुंबईच्या आमच्या संशोधन संस्थेत उंदरांच्या खोलीचे दिवसरात्र उलटे ठेवलेले असत. बाहेर ऊन, आत मंद तांबडा दिवा. मी नवी होते. पिंजऱ्यांच्या रांगांमधून एक ठेंगण्या बाई संथपणे चालत होत्या, आणि भुश्यात उंदरांची खसखस चालली होती. "ऐकू येतंय?" त्यांनी विचारले. "आमच्या गावी, कापड्याला, भात पिकलं की वाऱ्यात असाच आवाज येतो." मला काहीच ऐकू येत नाही, असे मी फटकन म्हणाले. "मग उभ्या राहा थोडा वेळ." मी राहिले. हळूहळू भिंती विरून गेल्या आणि पोलादपूरकडची, कधीही न पाहिलेली शेते त्या तांबड्या उजेडात डुलू लागली. आजही डोळे मिटले की ती दिसतात.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त महाड-पोलादपूरच्या मंडळींनी हा ग्रंथ काढला, याचा आनंद आहे. 'तो मागे घेतलेला शोधनिबंध' तेवढा वगळावा, असे संपादक मंडळाने मला सौम्य शब्दांत सुचवले. मी सौम्य नाही. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर चुकीखाली तांबडी रेघ मारून मुलीची सही घ्यायच्या; पान फाडून टाक, असे त्यांनी कधी सांगितले नाही. म्हणून त्या निबंधाविषयीच लिहिते.

ताईंचे काका पोट फुगून गेले. यकृत सुकले होते. काका माळकरी, पण वाडीने ठरवून टाकले की चोरून पीत असणार. दारूशिवायही यकृत सुकते हे पुस्तकांत होते, वाडीत नव्हते. काकी हे ऐकत जगल्या, आणि ताई ते पाहत मोठ्या झाल्या. पुढे त्यांनी यकृताच्या पेशींवरचा एक ग्राही अभ्यासाला घेतला. ग्राही म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत घेणारा दरवाजा. त्याचे जनुक सबंध शरीरातून काढले, तर पिल्ले जन्मालाच येत नाहीत. म्हणून जनुकाच्या दोन्ही टोकांना खुणा करून ठेवायच्या. कात्रीसारखे काम करणारे एक प्रथिन फक्त यकृतात झोपवून ठेवायचे. उंदीर वाढला की औषध द्यायचे. कात्री जागी होते आणि खुणेवर कापते. उंदराला पत्ताही नसतो. ताई हे सांगू लागल्या की एखादी जुनी कहाणी ऐकत आहोत असे वाटे.

असे उंदीर तयार व्हायला वर्षे लागतात. त्याच काळात माझी आई रुग्णालयात होती. ताई रविवारीसुद्धा येऊन माझ्या पिंजऱ्यांचे पाणी बदलत, आणि फोनवर फक्त आईची चौकशी करत. पाण्याचे मला नंतर इतरांकडून कळले.

अखेर निकाल आला. ज्यांचा ग्राही कापला होता, त्यांच्या यकृतावर वण पडले. त्या आनंदात ताई गावी गेल्या आणि काकींना म्हणाल्या, काका पीत नव्हते, त्यांना हाच आजार होता. उंदरावरून माणसाबद्दल बोलायचे नाही, हे आम्हा सर्वांना शिकवणाऱ्या ताईंनी असे सांगितले. काकींनी ते वाडीभर केले.

निबंध स्वीकारला गेला, आणि ताईंची झोप उडाली. कात्री नसलेले उंदीर औषध देऊन आम्ही पाहिले होते. ते ठणठणीत होते. पण कात्री आहे आणि जनुकावर खुणा नाहीत, असे उंदीर कोणी पाहिलेच नव्हते. ते आपसूक जन्मत, पण पिंजरे अडतात म्हणून ते वाढवायचे नाहीत, असा तेव्हा आमच्याकडे रिवाज होता. ताईंनी ते मागितले. "सगळं मार्गी लागलंय. कशाला उकरता?" संचालक म्हणाले. "मीच जन्माला घातलेत. एकदा बघू द्या," ताई म्हणाल्या.

औषध दिल्यावर त्यांनाही वण पडले. जागी झालेली कात्रीच यकृताला झेपत नव्हती. ताईंनी निबंध मागे घेतला. संचालक बोलेनासे झाले, बढती दुसऱ्याला गेली, आणि जेवणाच्या सुट्टीत लोक हसले. हसणाऱ्यांनी स्वतःचे उंदीर तपासले का, हे मी तेव्हाही विचारले होते. पुढे कमी औषध देऊन ताईंनी सगळे पुन्हा केले. ग्राही नसला म्हणून रोग होत नाही; झालेली जखम भरायला मात्र तो मदत करतो. हे लहानसे उत्तर आजही टिकून आहे.

पण त्याआधी कापड्याला जायचे होते. मी सोबत गेले. वीर स्टेशनला रेल्वेतून उतरून रिक्षाने महाड, तिथून एसटी. खोऱ्यात धुके इतके खाली होते की रस्ता सोडून आपण दुधातून चाललो आहोत असे वाटत होते.

काकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "उंदीर मारायचा पगार देतात गो हिला," त्या मला म्हणाल्या. "आमच्या कणगीत फुकट हायेत."

"काकी, मी मागं सांगितलं ते चुकलं," ताई म्हणाल्या.

काकींचा हात थांबला. "म्हंजे ते पीत होते?"

"तसं नाय. त्यांना काय झालं होतं, ते मला म्हाईत नाय. एवढंच."

"उंदीर खोटं बोलले व्हय?"

"उंदीर नाय. मीच घाई केली."

काकींनी सूप बाजूला सारले. "म्हाईत नाय, हे सांगाया तू मुंबईवरनं आलीस," त्या म्हणाल्या. "हितं सगल्यांना सगलं म्हाईत होतं, त्यातला एक तरी कधी ओटीवर आला? माझा नवरा पीत नव्हता, ते मला उंदरानं सांगाया नको. बस. भाकरी खा."

ताई बसल्या, आणि पोटभर जेवल्या.

आता त्या कापड्यालाच असतात. शाळेतली मुले त्यांना नाही नाही ते विचारतात. उत्तर ठाऊक नसले की त्या तसे सांगतात आणि मुलांसोबत ओटीवर शोधायला बसतात. त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत, नजर शाबूत राहावी, आणि त्या ओटीवर प्रश्न विचारणाऱ्यांची दाटी पुष्कळ, पुष्कळ वर्षे राहावी.