चार आण्याचं वजन

इथं ज्यांनी ज्यांनी आपले अनुभव लिहिले, त्यातल्या बऱ्याच जणांना मी खाली प्रतिक्रियांत जाऊन "पुरावा द्या" म्हणून छळलंय. ओळखणारे ओळखतील. एकाचीही माफी मागणार नाही. भूत, भानामती, अंगात येणं... हे सगळं गरिबाला लुटायचं दुकान आहे असं मी पत्रकात छापलंय आणि पुढंही छापणार आहे. पण या वेळी पुरावा माझ्याकडेच नाही. म्हणून घडलं तेवढंच लिहिते, ग्रॅमसकट.

गाव सास्तूर, तालुका लोहारा. भूकंपानंतर बांधून मिळालेलं दोन खोल्यांचं घर. यंदा माघात आई गेली. ताप होता. मी तेव्हा भूमच्या आठवडी बाजारात "ताप आला तर दवाखान्यात जा, देवऋष्याकडे नको" ही पत्रकं वाटत होते. इकडं तीन दिवस आईला अंगारा लावणं चाललं होतं. दवाखाना चौथ्या दिवशी. त्यावर काय लिहायचं ते मी दुसरीकडे लिहीन. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू देवीला नावं ठिवतीस, म्हणून झालं गं हे." मी ऐकून घेतलं. एरवी सोडलं नसतं. रडूही आलं नाही. अजून नाही.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चाळीस वर्षं लाउडस्पीकरचा धंदा. लग्नं, जत्रा, नवरात्र. कर्ण्यांखाली उभं राहून राहून कान गेले, बारीक आवाज तर कळतच नाही. त्यांच्याकडे आराधिणींच्या, देवीच्या गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड आहे. आईचं माहेर तुळजापूरजवळ. तिची आत्या आराधी मेळ्यात गायची. कुठल्याशा कंपनीनं त्या मेळ्याची रेकॉर्ड काढली, तेव्हा दहा वर्षांच्या आईला एक ओळ एकटीला दिली होती. एकच ओळ. तिचा आवाज म्हणून घरात तेवढाच शिल्लक आहे. फोनमध्ये फोटो आहेत, पण मोबाइल समोर धरला की ती गप्प व्हायची. आणि रेकॉर्डवर नेमकी त्या ओळीवर जुनी चीर. सुई तिथं आली की उडते आणि ओळ गिळून पुढं जाते. मी जन्मल्यापासून ती ओळ ऐकलेली नव्हती.

चैत्रात अप्पा म्हणाले, "पोरी, ती मशीन तेवढी नीट करून दे. एकदा ऐकतो."

"अप्पा, तुमचे कान..."

"सगळेच न्हाय गेले. स्पीकरच्या पेटीला कान लावून बसतो."

मशीन म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. त्याला नवं कार्ट्रिज मागवलं. कार्ट्रिज म्हणजे ज्या ठोकळ्याला सुई असते तो. व्हिडिओ बघून शिकले. रविवार, सकाळचे अकरा. जुना ठोकळा काढायला गेले, तर आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, डोक्यावर चिकटपट्टीनं बसवलेलं चार आण्याचं नाणं.

"हे काय?"

"तुझ्या आईची अक्कल. लग्नात पोरं नाचली की सुई उडायची, तर हिनं बटव्यातलं नाणं काढून ठिवलं डोक्यावर. म्या म्हणलं, रेकॉर्डी घासून खातीस व्हय सगळ्या? ऐकती कुठं."

नाणं बाजूला ठेवलं. चार बारीक तारा चिमट्यानं जोडल्या, कागदी मापावर ठोकळा सरळ धरून स्क्रू आवळले. मग वजन. आर्मच्या मागच्या टोकाला एक गोल वजन असतं. ते फिरवून आर्म हवेत आडवा तरंगायला लावायचा, ते शून्य. तिथून पुढं फिरवून सुईवर हवे तेवढे ग्रॅम द्यायचे. या सुईला दोन. जास्त झालं की रेकॉर्ड घासते.

आर्म तरंगला. दोनवर आणला. खात्रीसाठी सुई छोट्या डिजिटल काट्यावर टेकवली.

साडेचार.

माझी चूक म्हणून सगळं पहिल्यापासून केलं. साडेचार. तिसऱ्या वेळी पंखा बंद केला, टेबलाच्या पायाखाली पत्रकाची घडी घातली, काट्यासोबत आलेलं पाच ग्रॅमचं वजन ठेवून काटाही तपासला — बरोबर पाच. ठोकळ्यात चुंबक असतो, तो लोखंडाला ओढतो, म्हणून काट्याची ताटली पाहिली — प्लास्टिकची. पुन्हा साडेचार.

मग नुसतं नाणं काट्यावर ठेवलं. अडीच.

नंतर नाणं आर्मच्या डोक्यावर होतं तिथं ठेवलं. आता सात यायला हवे होते. साडेचार. काढलं. साडेचार.

"किती दावतंय?" अप्पांनी विचारलं. मी मोठ्यानं सांगितलं. नाण्याचंही सांगितलं. ते जरासे हसले.

"म्हणलं ना, ऐकती कुठं."

"अप्पा, असं काही नसतं."

"नसू दे. लाव."

"साडेचारवर नाही लावत. घासून जाईल. एकच प्रत आहे."

"मग कुणासाठी ठिवायची? म्या मेल्यावर तू वाजवणार हाईस व्हय देवीची गाणी? लाव गं."

लावली. अप्पांनी पेटीला कान टेकला. संबळ सुरू झाला, बायका गायला लागल्या. चीर आली. आर्मला एक हिसका बसला, टक् झालं, आणि सुई उडली नाही. एका पोरीचा आवाज. बारीक, सुराच्या थोडा वर, शेवटाला दम संपलेला. एक ओळ. मग परत बायका.

अंगावर शहारा वगैरे काही आलं नाही. गाणं संपल्यावर आर्म उचलला आणि सुई काट्यावर टेकवली. मागच्या वजनाला हात लावला नव्हता.

दोन.

सुई उडली नाही याचं नवल करू नका. नवी सुई, जास्त दाब, होऊ शकतं. माझा प्रश्न एवढाच आहे की अडीच ग्रॅम आले कुठून आणि गेले कुठं. तेव्हापासून कितीदा मोजलं, दोनच येतं. दोनवर लावली की सुई त्या चिरेवर उडते. खरं नाणं ठेवून साडेचारवर लावली, तरी उडते. धाराशिवला माझ्या कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना विचारलं. म्हणाले, "वाचताना चुकलं असेल." असेल. इतक्या वेळा, काटा तपासून.

"आईचा आत्मा" लिहिणाऱ्यांना मी उत्तर देणार नाही. "भास" लिहिणाऱ्यांनाही नाही, भास काट्यावर उमटत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर नीट मुद्द्यानं लिहा.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. अप्पांनी पेटीवरून डोकं उचललं.

"संबळ कळला. बायकांचं कळलं. मधी काय झालं?"

"आई होती."

"काय म्हणली?"

देवीचं गाणं मी आजवर तोंडात घेतलेलं नव्हतं. त्यांच्या कानाशी जाऊन नुसते शब्द सांगितले.

"तसं न्हाय. चालीवर सांग."

मी म्हटलं. डोंगर उतरून अंबा आली, पाय तिचे कोण धुई.

अप्पांनी मान हलवली. "शेवटाला दम तुटायचा तिचा."

मी परत म्हटलं. शेवटाला दम तोडून.